सनद आणि सराव

दहावी-बारावीचे निकाल लागले, की महाराष्ट्रातील घराघरांतून एक जुनाच वाद नव्या उत्साहाने सुरू होतो. मुलाने पदवी पुरी करावी, जमल्यास तिला आणखी एका पदवीची जोड द्यावी आणि मगच नोकरीचा विचार करावा, असे एक पक्ष म्हणतो. तर कागदांची भेंडोळी जमवीत बसण्यापेक्षा लवकर कामाला लागावे, हात चालता झाला की बाकीचे आपोआप येते, असे दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असते. दोघांजवळही आपापले दाखले तयार असतात. एकाजवळ स्पर्धा परीक्षेतून अधिकारी झालेला भाचा असतो, दुसऱ्याजवळ मॅट्रिक नापास होऊन कारखानदार झालेला शेजारी. दाखल्याला दाखला भिडतो, चहा होतो, आणि वाद पुढील निकालापर्यंत तहकूब राहतो. पदवी मुळात कोणाला आणि कशासाठी हवी असते, आणि ज्याला आपण सरसकट अनुभव म्हणतो तो कशाचा बनलेला असतो, याची चौकशी मात्र या वादात सहसा कोणी करीत नाही. ती केल्यावाचून निवाडा देणे म्हणजे कागदपत्र न वाचताच हुकूमनामा काढण्यासारखे आहे.

इंग्रजी अमलापूर्वी आपल्याकडे विद्यापीठाची पदवी नव्हती, पण धंद्याचे शिक्षण होते. दप्तरात शिरू पाहणारा मुलगा एखाद्या जुन्या कारकुनाच्या हाताखाली बसे, मोडी वळण गिरवी, जमाखर्च आणि ताळेबंद शिके, आणि दीर्घकाळ बिनपगारी उमेदवारी केल्यावर एखादी जागा रिकामी झाली तर तिला चिकटे. सुतार, लोहार, कासार, साळी यांच्या घरी तर शाळा आणि कारखाना यांच्यामध्ये भिंतच नव्हती. ज्ञान आणि काम यांची फारकत झालेली नव्हती, हा या पद्धतीचा मोठा गुण. परंतु त्या कारकुनाच्या शेजारी कोणी बसावयाचे आणि लोहाराच्या भात्याला कोणी हात लावावयाचा, हे नात्याने आणि जातीने ठरत असे, हा तिचा तितकाच मोठा दोष. शिकविणारा ओळखीचा, शिकणारा ओळखीचा आणि नोकरी देणाराही ओळखीचा. अशा व्यवहारात प्रमाणपत्राची जरूर कोणाला पडणार?

ती पडली परक्या सरकारला. बांधकाम खात्याला लागणारे दुय्यम अंमलदार तयार करण्यासाठी १८५४ साली पुण्यात इंजिनिअरिंगचा वर्ग निघाला. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. आणि १८६२ साली महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर ज्या तुकडीत होते ती विद्यापीठाची पहिली बी. ए.ची तुकडी बाहेर पडली. ज्या साहेबाला उमेदवाराचे गाव, घराणे आणि हस्ताक्षर यांपैकी काहीच ठाऊक नाही, त्याला ढीगभर अर्जांतून निवड करावयाची तर एखादी खूण हवी होती. पदवी ही ती खूण झाली, आणि आजतागायत ती तशीच आहे. मालक आणि चाकर जितके एकमेकांना अपरिचित, तितकी पदवीची मातब्बरी अधिक, हा नियम आजच्या मोठ्या कंपन्यांच्या नोकरभरतीलाही तंतोतंत लागू पडतो.

अर्थशास्त्रज्ञांनी याच गोष्टीची दोन अंगांनी मीमांसा केली आहे. गॅरी बेकर यांनी १९६४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात शिक्षणाला मानवी भांडवल मानले: शेतकरी जसा विहिरीवर पैसा घालतो, तसा माणूस आपल्या शिक्षणावर पैसा आणि वर्षे घालतो, त्याने त्याची कार्यक्षमता वाढते, आणि वाढलेल्या मिळकतीतून तो खर्च भरून निघतो. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ साली मांडलेला विचार अधिक अवघड प्रश्न उभा करतो. समजा, महाविद्यालयात शिकलेले काहीही पुढे उपयोगी पडले नाही. तरीसुद्धा, चिकाटीच्या आणि बुद्धिमान माणसाला तो अभ्यासक्रम पार करणे इतरांपेक्षा कमी कष्टाचे जात असेल, तर केवळ तो पार केला एवढ्यावरूनच मालकाला माणसाची पारख करता येईल. या दृष्टीने पाहता पदवी ही विद्येची पावती नसून स्वभावाची साक्ष ठरते. दोन्ही शास्त्रज्ञांना पुढे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. परंतु स्पेन्स यांचा मुद्दा मान्य केला, की त्याचा एक परिणामही मान्य करावा लागतो: साक्षीची किंमत साक्षीदार थोडे असतात तोवरच. ज्या जागेसाठी पूर्वी मॅट्रिक पुरे होई तिथे पदवीधर रांगेत उभे राहू लागले, म्हणजे मालक पदव्युत्तर पदवी मागू लागतो. काम तेच, पगार जवळपास तोच, खूण मात्र महाग झालेली.

पदवी निरुपयोगी आहे असा निष्कर्ष यातून काढण्याची घाई करू नये. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून १८८३ साली पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले, आणि त्या यशाच्या बळावर मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात १८८४ साली त्यांना साहाय्यक अभियंत्याची जागा थेट मिळाली. म्हैसूर संस्थानातून आलेल्या, वशिला नसलेल्या तरुणाला ते दार परीक्षेवाचून उघडले नसते. पण आज आपण त्यांचे नाव घेतो ते त्या क्रमांकासाठी घेत नाही. खानदेशात पांझरेच्या ओढ्याखालून नळाने पाणी पलीकडे नेणे, सक्करच्या पाणीपुरवठ्याची व्यवस्था लावणे, अशी अनेक ठिकाणची कामे अंगावर घेत घेत, पदवीनंतर सुमारे वीस वर्षांनी, १९०३ साली, खडकवासल्याच्या सांडव्यावर पाण्याच्या दाबाने आपोआप उघडणारी व मिटणारी दारे त्यांनी बसविली. ती दारे कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हती. मात्र पाण्याचा दाब खोलीप्रमाणे कसा वाढतो याचे गणित ज्याच्या अंगी मुरलेले नाही, त्याला ती सांडव्यावर शंभर वर्षे उभे राहूनही सुचली नसती.

दुसऱ्या बाजूचा दाखला किर्लोस्करवाडीचा. लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकार होण्यासाठी मुंबईस गेले, रंगांधळेपणामुळे तो मार्ग सोडून यांत्रिक रेखाटनाकडे वळले, आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. बढतीची वेळ आली तेव्हा जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला गेली, आणि लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली. बेळगावातील सायकलींच्या दुकानापासून कडबा कापण्याच्या यंत्रापर्यंत, तेथून लोखंडी नांगरापर्यंत आणि १९१० साली औंध संस्थानच्या माळावर वसविलेल्या कारखान्यापर्यंतचा त्यांचा प्रवास मराठी वाचकास परिचित आहे. पण त्यांनी जमविलेल्या माणसांकडे आपले लक्ष कमी जाते. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर तेथे कल्पक अभियंता म्हणून नावारूपास आले, कारण तेथे विचारला जाणारा प्रश्न ‘काय शिकलास’ हा नसून ‘काय करून दाखवतोस’ हा होता. किर्लोस्करांचे नांगर विकण्याचे काम काही काळ केलेले भाऊराव पाटील हेही मॅट्रिकच्या पलीकडे गेले नव्हते. त्यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, ‘कमवा आणि शिका’ या योजनेने हजारो खेडूत मुलांना पदवीपर्यंत पोचविले, आणि १९५९ साली पुणे विद्यापीठाने त्यांनाच डी. लिट. दिली. स्वतः पदवीवाचून मोठ्या झालेल्या या पुरुषाने पदवीला तुच्छ लेखले नाही. कष्ट आणि शिक्षण यांना एकाच मुलाच्या एकाच दिवसात बसविण्याची खटपट मात्र त्याने जन्मभर केली.

अशा थोरांच्या चरित्रांवरून सर्वसामान्यांसाठी नियम बसविणे धोक्याचे असते. म्हणून हजारो साध्या माणसांच्या नोंदी काय सांगतात तेही पाहू. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९८ साली नोकरभरतीविषयीच्या ८५ वर्षांच्या संशोधनाचे एकत्रित परीक्षण प्रसिद्ध केले. भरतीच्या वेळी पाहिलेली एखादी गोष्ट आणि माणसाने पुढे प्रत्यक्षात केलेले काम यांचा मेळ किती, हे त्यांनी शून्य ते एक या मापाने मोजले. शिक्षणाच्या वर्षांचा मेळ निघाला ०.१०, आणि अनुभवाच्या वर्षांचा ०.१८. म्हणजे आपल्या घरोघरच्या वादातील दोन्ही पैलवान तसे अशक्तच ठरले. उलट, उमेदवाराकडून त्या कामाचाच एक नमुना करवून घेतला तर तो मेळ ०.५४, आणि सर्वांना तेच ठरीव प्रश्न विचारून घेतलेल्या मुलाखतीचा ०.५१. पुढे २०२२ साली पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही आकडेमोड नव्याने तपासली, तेव्हा बहुतेक आकडे खाली आले. परंतु ठरीव मुलाखत वरच राहिली आणि नुसती वर्षांची संख्या तळाशीच. अर्जातील ‘किती वर्षे शिकला’ आणि ‘किती वर्षे काम केले’ हे दोन्ही रकाने माणसाविषयी थोडेच सांगतात.

याचा अर्थ अनुभव खोटा असा नव्हे. वर्षे मोजून तो मोजला जात नाही, एवढाच. मग कोणता अनुभव माणसाला शहाणा करतो? डॅनियल काहनेमन आणि गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञांनी २००९ साली एकत्र येऊन या प्रश्नाचा विचार केला. अनुभवी माणसाच्या अंतःप्रेरणेवर क्लाइन यांचा विश्वास, तर काहनेमन यांचा संशय. तरीही दोघांचे दोन अटींवर एकमत झाले. कामाच्या क्षेत्रात काही नियमितपणा असला पाहिजे, आणि आपले चुकले की बरोबर आले हे करणाऱ्याला लवकर व स्पष्ट कळले पाहिजे. भरती मंडळावर वीस वर्षे बसलेल्या अधिकाऱ्याने नाकारलेले उमेदवार पुढे कसे निघाले, हे त्याला कधीच कळत नाही. तेव्हा त्याची वीस वर्षे त्याचा आत्मविश्वास वाढवितात, पारख वाढवितातच असे नाही.

याच्या उलट चित्र कोणत्याही औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या कार्यशाळेत पाहावयास मिळते. फिटरचे काम शिकणाऱ्या मुलाच्या हाती सुरुवातीला यंत्र येत नाही. येते ती कानस आणि लोखंडाचा एक ठोकळा. ठोकळा व्हाइसमध्ये आवळायचा, त्याची एक बाजू सपाट करायची आणि लगतची बाजू तिच्याशी काटकोनात आणायची, एवढेच काम. आणि त्यात दिवसच्या दिवस जातात. मुलगा ‘जॉब’ झाला म्हणून निदेशकाकडे नेतो. निदेशक त्यावर गुण्या टेकवितो आणि ठोकळा उजेडाकडे धरतो. पाते आणि लोखंड यांच्यामध्ये उजेडाची बारीकशी रेघ दिसली, की मुलगा न बोलता परत व्हाइसकडे वळतो. मग निदेशक त्याच्या मागे उभा राहून सांगतो, की पुढे रेटताना पुढचा हात आणि मागे आल्यावर मागचा हात जास्त दाबला जातो, कानस झोका खाते, म्हणून मध्ये उंचवटा राहून कडा उतरतात. दाब दोन्ही हातांवर तोलून धर. हे वाक्य पुस्तकातही छापलेले आहे, पण उजेडाची रेघ पाहिल्यावाचून ते त्या मुलाच्या हातांपर्यंत पोचले नसते. काम, त्याची तत्काळ तपासणी आणि चुकीचे कारण सांगणारा जाणकार, ही तीन अंगे जेथे एकत्र येतात तेथे अनुभव हेच शिक्षण होते. जेथे ती नसतात तेथे माणूस केवळ जुना होतो.

जुन्या व्यवसायांनी हे मर्म फार पूर्वी ओळखले होते, म्हणूनच त्यांनी पदवी आणि उमेदवारी यांपैकी एकाची निवड केली नाही. एम. बी. बी. एस.च्या साडेचार वर्षांनंतर वर्षभर रुग्णालयात आंतरवासिता केल्याखेरीज डॉक्टरची कायम नोंदणी होत नाही. सनदी लेखापालास परीक्षांइतकीच आर्टिकलशिप आवश्यक असते. पूर्वी ती तीन वर्षांची होती, २०२३ पासून दोन वर्षांची झाली. वकिली आणि न्यायदान यांच्या बाबतीत मात्र आपल्या देशाने हा प्रयोग उलटसुलट करून पाहिला आहे, आणि तो इतका बोधप्रद आहे की जरा थांबून पाहिला पाहिजे.

दिवाणी न्यायाधीशाच्या पहिल्या पायरीवर येण्यासाठी किमान तीन वर्षांची वकिली असावी, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली सांगितले. पुढे न्यायाधीशांच्या वेतनाचा व सेवाशर्तींचा विचार करणाऱ्या शेट्टी आयोगाने निराळा विचार मांडला: हुशार तरुण तीन वर्षे वकिलीत रमले की त्यांतले उत्तम पुन्हा न्यायासनाकडे फिरकत नाहीत. तेव्हा २००२ साली ही अट उठविण्यात आली, आणि कायद्याची पदवी घेऊन बाहेर पडलेल्या, क्वचित पंचविशीही न गाठलेल्या मुलामुलींना परीक्षेच्या बळावर न्यायासनावर बसता येऊ लागले. ती परीक्षा सोपी नव्हती, आणि बसणारेही मंदबुद्धी नव्हते. परंतु निशाणी पाचच्या अर्जावर मनाई हुकूम मागताना वकील काय सांगतो आणि काय गिळतो, पुरसिस, म्हणजे लेखी निवेदन, देऊन कोणती गोष्ट शिताफीने टाळली जाते, समन्स बजावले गेले नाही असे बेलिफाने लिहिले असता त्यामागे काय काय असू शकते, आणि चौथ्यांदा तहकुबी मागणाऱ्या पक्षकाराची अडचण खरी की बतावणी, हे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कोणत्याही कलमात लिहिलेले नाही. अखेर २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती तीन वर्षांची अट पुढील भरतीसाठी पुन्हा घातली, नवख्या पदवीधरांना थेट नेमण्याचा सुमारे वीस वर्षांचा अनुभव समाधानकारक नसल्याचे नमूद केले, आणि न्यायाधीशांच्या हाताखाली विधी लिपिक म्हणून केलेले कामही या मुदतीत धरावे असे सांगितले. पदवीची अट कोणी काढली नाही. तिच्या जोडीला सरावाची अट परत आली.

या निर्णयावर घेतला गेलेला आक्षेपही तितकाच वजनदार आहे. वकिलीची पहिली तीन वर्षे कोण काढू शकतो? ज्येष्ठाच्या कचेरीत अत्यल्प मानधनावर बसणे वकिलाच्या मुलाला परवडते. गावाकडून आलेल्या, घरी पैसे पाठवावे लागणाऱ्या पहिल्या पिढीच्या मुलाला, आणि लग्नासाठी घरचे मागे लागलेल्या मुलीला ते परवडेलच असे नाही. सराव हा विकत घ्यावा लागत नसला तरी त्याची किंमत द्यावीच लागते, आणि ती बहुधा घरचे देतात. ज्यांच्या पूर्वजांना दप्तराच्या उंबरठ्याआत प्रवेशच नव्हता, त्यांच्यासाठी पदवी ही शिफारसपत्राची जागा घेणारी एकमेव वस्तू होती, हे विसरून ‘पदवीत काय आहे’ असे म्हणणे ही सुखवस्तू माणसाची चैन आहे. अर्थात पदवीची मर्यादाही याच इतिहासाने दाखविली आहे. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले भीमराव आंबेडकर १९१७ साली बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहावयास जागा मिळाली नाही आणि कचेरीत शिपायांनीही अंतर राखले. खूण कितीही मोठी असो, ती वाचण्याची समोरच्याची इच्छा असावी लागते.

तेव्हा खरी गरज आहे ती उमेदवारी सर्वांना परवडेल अशी करण्याची. जर्मनीने १९६९ च्या कायद्याने आपली जुनी उमेदवारी पद्धत एका चौकटीत बसविली: सुमारे सव्वातीनशे व्यवसायांतील शिकाऊ मुले आठवड्याचे तीन-चार दिवस कारखान्यात किंवा कचेरीत आणि उरलेले शाळेत घालवितात, पहिल्या दिवसापासून विद्यावेतन घेतात, आणि शेवटची परीक्षा मालकाऐवजी व्यापारी वा कारागिरांचे मंडळ घेते. आपल्याकडेही १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे, आणि तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेत असा २०१९ चा नियम आहे. उलट दिशेनेही रस्ता तयार होत आहे. ज्यांच्याजवळ हात आहे पण कागद नाही अशा गवंडी, वायरमन, शिंपी यांच्या कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची योजना २०१५ पासून चालू आहे, आणि व्यवसायात पंधरा वर्षे गाजविलेल्या तज्ज्ञाला पदवीची अट न घालता प्राध्यापक म्हणून नेमण्याची मुभा विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली दिली. या तरतुदी कागदावर राहू नयेत, यासाठी पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी त्यांची माहिती करून घेऊन त्या मागितल्या पाहिजेत.

आरंभीच्या वादाचा निवाडा माझ्या मते असा आहे. जेथे चुकीची किंमत दुसऱ्याचा जीव, पैसा किंवा न्याय यांनी मोजावी लागते, त्या धंद्यांत पदवीला पर्याय नाही आणि नुसत्या पदवीला अर्थ नाही. जेथे काम समोर ठेवून दाखविता येते, त्या धंद्यांत पदवी हे केवळ ओळखपत्र आहे. ते स्वस्तात मिळत असेल तर जरूर घ्यावे, पण त्यासाठी घरदार गहाण टाकू नये. आणि दोन्ही ठिकाणी, पहिली नोकरी पत्करताना पगार किती आणि कंपनीचे नाव काय हे विचारून झाले, की तरुणाने आणखी एक प्रश्न अवश्य विचारावा: माझे काम रोज कोण तपासणार आहे? या प्रश्नाला जेथे नाव घेऊन उत्तर मिळते, तेथे दोन पैसे कमी घेऊनही राहावे. जेथे उत्तर मिळत नाही, तेथून लवकर निघावे.